डावा पाय कुंडीत

पेडणे, मंगळवार, संध्याकाळ

घोट्याच्या ऑपरेशननंतर आज पहिल्यांदा काजूची बोंडं मळायला दगडी कुंडीत उतरलो. रसाने तळ बुळबुळीत. घसरलो असतो तर? धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, तू काठार बस मरे, मी आसंय." काठावर बसूनच तर अर्धा सीझन गेला. आधी उजवा टाकला, मग डावा. जुन्या टाक्यांवर रस चुणचुणला, पण डाव्या टाचेखाली बोंडं फचाफच फुटायला लागली आणि वाटलं, हा पाय माझाच. थोड्या वेळाने भाऊच काठावर जाऊन बसला.

घरी बायकोने रोजच्यासारखं डाव्या पायापुरतं गरम पाणी आणलं. दोन्ही पाय सारखेच चिकट बघून ती आणखी पाणी आणायला आत गेली.