न धुतलेली क्लॅरिनेट

३ मार्च
आज दुकानात एका बाईंना चष्मा लावून देताना खोकल्याची अशी उबळ आली की त्या दोन पावलं मागे सरकल्या. लाज वाटली.

तरी सकाळी बाबांची क्लॅरिनेट वाजवली होतीच. त्यांना जाऊन सात महिने झाले. तिची पेटी उघडली की त्यांचाच वास येतो. दादा म्हणतो, "अगं, निदान आतून पुसून तरी घे." नाही पुसणार. आत त्यांचा श्वास आहे! शहाण्या माणसाला हे पटणार नाही, म्हणून इथेच लिहिते.

७ मार्च
डॉक्टरीणबाईंनी खोदून खोदून विचारलं. घरात कबुतरं? भिंतीला ओल? सिगारेट? छातीची एक्स-रे फिल्म काढून ठेवली.

सिगारेट म्हटल्यावर बाबा आठवले. तेही असेच खोकायचे. "चार वर्षं झाली सोडून, तुझी शपथ," म्हणायचे, आणि मी त्यांच्या शर्टाचे खिसे चाचपायचे. काही सापडायचं नाही, म्हणून मी आणखी चिडायचे. मग मीच क्लॅरिनेट त्यांच्या हातात द्यायचे — वाजवा, छातीला व्यायाम होईल. एकदा तोंडावर खोटारडे म्हटलं. त्यानंतर पंधरा दिवसांत गेले.

१६ मार्च
दादाकडे आठ दिवस राहून आले. खोकला जवळजवळ गेला! वहिनीच्या जेवणाचा गुण, असं दादाचं म्हणणं. बायकोचं कौतुक करायची संधी तो सोडत नाही. मला मात्र तिथे करमेना. क्लॅरिनेट इथे होती.

१७ मार्च
सकाळी तासभर वाजवली. संध्याकाळी ताप. छातीवर पाटा ठेवल्यासारखं.

१८ मार्च
नाही वाजवली. पेटी मात्र दोनदा उघडली.

२० मार्च
क्लॅरिनेट घेऊन गेले आणि डॉक्टरीणबाईंना सगळं सांगून टाकलं. हसतील वाटलं होतं. त्यांनी नळीत कापसाची काडी फिरवली. हिरवट-काळी निघाली. बुरशी! वाजवताना श्वास आत ओढला की तिचे कण छातीत जातात म्हणे. "काहींच्या फुफ्फुसाला ती सोसतच नाही. तुमचं फुफ्फुस तिच्याशी भांडतंय, आणि त्या भांडणात त्याचंच नुकसान होतंय." आतल्या बारीक पिशव्या सुजतात. वर्षानुवर्षं चाललं की घट्ट होतात, मग हवेला जागा उरत नाही. घट्ट झालेल्या पुन्हा मऊ होत नाहीत. माझं वेळेत कळलं.

"आजच स्वच्छ करायला द्या."

पेटी मांडीवर घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसून राहिले. धुतली की बाबा दुसऱ्यांदा जाणार. मला ते हवेत, असेच, बुरशीसकट हवेत.

निघताना डॉक्टरीणबाईंनी परत हाक मारली. "वडिलांची जुनी फिल्म आहे का हो घरी?"

२३ मार्च
कपाटामागे सापडली. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही फिल्म शेजारी-शेजारी लावल्या. माझ्या छातीत थोडी पांढरी जाळी. बाबांच्या छातीत सगळीकडे तीच.

"हे सिगारेटचं काम नाही," म्हणाल्या.

२४ मार्च
बाबा खरं बोलत होते. आणि वाजवा, वाजवा म्हणणारी मी होते.