उघडं बॉनेट

नागोया, सोमवार

ती. आण्णांना यशोधराचा सप्रेम जयभीम.

फोन केला की तुम्ही दोन शब्द बोलून मोबाईल आईकडे देता, म्हणून पत्र लिहिते. मी बरी आहे. थंडी वाढलीय, पण स्वेटर पुरतो. बाजरीचं पीठ अजून उरलंय, पुरवून वापरते.

काल आमच्या वृद्धाश्रमातल्या मोरिता आजोबांना घेऊन एका मेळाव्याला गेले. जुन्या जपानी स्पोर्ट्स गाड्या वर्षातून एकदा तिथं जमतात. तुमच्या लहानपणीच्या गाड्या, पण अजून चकचकीत. आजोबांची लाल गाडी आता त्यांची लेक सांभाळते. ती लांबून गाडी घेऊन येते आणि दोघं दिवसभर गाडीजवळ बसतात, तिथंच डबा खातात.

संध्याकाळी लेक निघाली. गाडी सुरू झाली तशी आजोबांनी हात करून थांबवली, बॉनेट उघडलं आणि आत वाकून बघत राहिले. इंजिन छान चाललं होतं, बघण्यासारखं काहीच नव्हतं. लेकीला ते माहीत असावं. ती स्टिअरिंगवर हात ठेवून थांबली.

मला आपला सुपा फाटा आठवला. इकडं यायला निघाले तेव्हा मी पुण्याच्या एसटीत चढत होते आणि तुम्ही आपल्या पिकअपच्या बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणालात, "तापलीय लई, पानी बघतो. तू नीघ." तुम्ही वर बघितलंच नाहीत म्हणून मी रुसूनच बसले होते खिडकीशी.

आईचे गुडघे कसे आहेत? महेंद्र वेळेवर घरी येतो का?

उत्तर नाही लिहिलंत तरी चालेल, आण्णा. फक्त मी येईन त्या दिवशी बॉनेट बंद ठेवा.

तुमची,
यशू