दोन्ही डिस्कवरून आईचे धवले गेले

दादा,

कपाटावरची डिस्कची पेटी मी बंद केली आहे, ती चालू करू नकोस. आईने लग्नांत गायलेले धवले पुसले गेले, सगळे एकतीस. माझ्याच हातून.

जागा भरली होती म्हणून मी धवल्यांचा फोल्डर उडवला. दुसऱ्या डिस्कवर असणारच, असं तू सांगितलं होतंस. उघडून बघितलं तर तिथंही काही नाय.

शहापूरला दुकानातल्या अनिलला फोन केला. तो म्हणाला, "अरे, एक डिस्क बिघडली तर दुसरी सांभाळून घेते. पण तूच पुसलंस तर दोन्हीकडचं पुसतं. वेगळी प्रत कुठं ठेवलीय?" आई गेल्यावर तिचा मोबाइलही आपण विकला, हे त्याला सांगावं लागलं. पेटी चालू न करता घेऊन ये म्हणालाय, पण पुसलेलं परत मिळेल अशी खात्री देत नाय.

मग सापगावच्या भावनाताईला विचारलं. तिच्या हळदीतला एक धवला तिच्या जुन्या मोबाइलमध्ये आहे. तिनं फोनवरच ऐकवला. मध्येच आई गाणं थांबवते आणि तुला म्हणते, "रितेश, जेवलास का रे? ये आधी."

तो आणायला चाललोय. एक प्रत ताईकडेच ठेवीन. माझ्यावर रागवायचं ते मी आल्यावर रागव. बाबांना मात्र काही बोलू नकोस. ते रोज सकाळी ऐकायला बसतात. आज मी त्यांना पेटी बिघडली एवढंच सांगितलंय, आणि ते अजून तिथंच बसलेत.

हितेश