कल्ल्यातल्या कृमीचं बारसं

३ मार्च २०१४, पोरिरुआ, न्यूझीलंड

आले एकदाची. घर टेकडीवर आहे, लाकडी, थोडं ओलसर, पण खिडकीतून खाडी दिसते. वारा असा, की दोरीवरची चादर शेजारी पाहुणचार घेऊन येते. गंधारला नोकरी मिळाली हॅमिल्टनला आणि मला इथे, म्हणजे नवरा फक्त शनिवार-रविवारपुरता. तेही वाईट नाही. ऋचा सात वर्षांची आहे. पहिल्याच दिवशी कोपऱ्यावरच्या डेअरीत जाऊन दुकानदाराला किआ ओरा, म्हणजे इथला नमस्कार, म्हणून आली आणि आइस्क्रीम पदरात पाडून घेतलं.

माझं काम ऐकून आई पुण्यात अजून नाक मुरडते. समुद्रातल्या माशांच्या कल्ल्यांत राहणारे चपटे कृमी शोधायचे, त्यांची चित्रं काढायची, जात नवी असेल तर वर्णन लिहायचं. तांदळाच्या कणीएवढे असतात, पण मागच्या टोकाला आकड्यांची चकती असते. तिने एकदा धरलं की मरेपर्यंत सोडत नाहीत. आणि प्रत्येक जातीला आपला ठरलेला मासा लागतो, दुसऱ्या कोणाच्या अंगावर ती जगत नाही. आमच्यापेक्षा एकनिष्ठ म्हणायचे. बॉस हेलन साठीची आहे आणि कामावर जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून येते. मला आवडली.

२२ मार्च

सापडला. बंदरावरून आणलेल्या तारकीही माशाच्या कल्ल्यात, जिवंत. असे आकडे आजवर कोणी छापलेले नाहीत. हेलनने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि स्वीट अ‍ॅज म्हणाली, म्हणजे तिच्या मानाने नाचलीच. माझं कॉन्ट्रॅक्ट वर्षाचं आहे. ही जात छापून आली की वाढेल, नाहीतर चंबूगबाळं आवरून पुणे.

नाव मी ठेवायचं आहे. आमच्या धंद्यात स्वतःचं नाव देणं म्हणजे निर्लज्जपणाची कमाल. गुरूचं, बायकोचं, पोराबाळांचं चालतं. आणि छापून आलेलं नाव मग कोणाच्या बापाला बदलता येत नाही. मी ऋचाचं ठरवलंय. ती म्हणाली, इंग्रजीतच अर्थात, की तिला डॉल्फिन जास्त आवडला असता.

२९ मार्च

आज प्रयोगशाळेत चक्क बारसं केलं. दूध पावडरचे पेढे, कृमीच्या बशीभोवती बागेतली कसलीशी पिवळी फुलं. कृमीला आत्या कुठून आणायची, म्हणून आत्याही मीच. हेलनला माझ्या पाठीत धपाटे घालायला शिकवलं, ते तिने जरा जास्तच मनावर घेतलं. मी बशीवर वाकून कुर्रर्र केलं आणि ऋचाचं नाव सांगितलं.

गंमत म्हणजे तेवढ्यात कृमी हलायचा थांबला आणि माझ्याकडे वळला. गुणी बाळ आहे.

१४ एप्रिल

ऋचाला खोकला. डॉक्टर म्हणाले, इथल्या ओल्या घरांत निम्म्या मुलांना होतो. इन्हेलर दिलाय. ती सारखी कानामागे, जबड्याखाली बोटं दाबते. का म्हणून विचारलं तर म्हणाली, तिथे कोणीतरी धरून बसलंय. मी हसले, पण तिची उशी बदलताना खाऱ्या पाण्याचा वास आला.

लेख मासिकाकडे गेला. लेखक म्हणून माझ्यामागे हेलनचंही नाव आहे.

२ मे

हेलनला सहज विचारलं, की हा कृमी आधी कोणाला कसा सापडला नाही. ती म्हणाली, सापडला होता, पण माझ्या आनंदात विरजण नको म्हणून तिने सांगितलं नव्हतं. माझ्याआधी मुंबईचा विश्वनाथ इथे होता. बायकोला, लीलाला, इथे करमत नव्हतं, म्हणून तिचं नाव देणार होता. तोही असाच बशीवर वाकून कानात सांगितल्यासारखं काहीतरी पुटपुटला होता. लीला त्याच हिवाळ्यात गेली, दम लागून. पलंगावर झोपलेली बाई, आणि फुप्फुसांत पाणी भरलेलं. ती आजारी पडल्यावरच विश्वनाथने नमुने फेकले होते, कागद फाडले होते; ती गेल्यावर तो निघून गेला. बिचारा, असं हेलन म्हणाली.

योगायोग असतात. घरी आल्यावर मात्र आधी ऋचाच्या छातीला कान लावला.

९ मे

ऋचाच्या कानामागे लाल ठिपके आलेत. वाकडी रांग, मधले दोन मोठे. डॉक्टर पुरळ म्हणाले.

पुरळ नाही. आकड्यांची ती मांडणी मला कोणी शिकवायला नको, महिनाभर मी तीच रेखाटत होते.

ती आता टबमधून बाहेर यायला तयार नसते. तोंड पाण्याखाली ठेवलं की दम लागत नाही म्हणते. मला घाबरवायला नाही, अगदी सहज सांगते. मी घाबरले आहे. खूप.

१३ मे

गंधारला फोन केला. तो म्हणाला, एकटी राहून माझ्या डोक्यावर परिणाम झालाय, रजा काढून येतो.

विश्वनाथने सगळं फाडून टाकलं, तरी लीला वाचली नाही. म्हणजे नाव नुसतं काढून भागत नाही. दुसरं द्यायला हवं. पण कोणाचं? कोणाच्या पोरीचं?

१४ मे

पेढे नाहीत, फुलं नाहीत. बशीवर वाकले. माशाविना तो एव्हाना मेलेला असायला हवा होता, पण जिवंत होता. कुर्रर्र केलं. माझंच नाव सांगितलं. सुचित्रा.

तो वळला. आणि कोणीतरी माझ्या पाठीत हलकेच धपाटा घातला. खोलीत मी एकटी होते.

लेखातही नाव बदलून पाठवलं. हेलनला बोलले नाही. कारण काय सांगणार? मी शास्त्रज्ञ आहे, वेडी ठरवतील.

२० मे

ऋचा शाळेत गेली. धावत. ठिपके गेले.

माझ्या कानामागे खाज सुटलीय.

३ जून

पायऱ्या चढवत नाहीत. टबमध्ये बसून लिहितेय—पाण्यात बरं वाटतं. आरशात पाहत नाही. गंधार आलाय, हॉस्पिटल म्हणतो. नको. लेख छापून येऊ दे, मग नाव पक्कं होईल, मग ती सुटेल. मला भीती वाटते. मरायची वाटते. पण ऋचा बरी आहे. ऋचा बरी आहे, बाकी माझं काही का—

१९ जून

श्वास मोकळा! सकाळी उठले आणि खोल श्वास घेतला, छाती भरून. कानामागे काही नाही. सोडलं त्याने? कसं काय? गंधार चहा करतोय. ऋचा टबमध्ये आहे, शाळेतलं गाणं म्हणतेय. रडू येतंय मला. हेलनची मेल आलीय, वाचते.

अभिनंदन म्हणते. लेख काल छापून आला. शेवटच्या प्रुफात तिला कृमीला दिलेलं माझं नाव दिसलं—दमून चूक झाली असेल असं वाटलं—लोक मला हसले असते—म्हणून तिने आधीचं, ऋचाचं नाव परत घातलं. मला न सांगता. सरप्राइज म्हणून—

काल. छापून आलंय.

गाणं थांबलं.

गंधार बाथरूमचं दार ठोठावतोय. दाराखालून पाणी—ऋचा, बाळा, तोंड वर काढ, तोंड—