शिरेवरचं बोट

सोमवार, ४ तारीख
आजपासून एंडोस्कोपीच्या खोलीत. वॉर्डातली पायपीट संपली, बसायला चक्क खुर्ची आहे! ही बदली मी दादासाठी मागून घेतली. यकृत बिघडल्याने त्याच्या पोटातल्या शिरा फुगल्या आहेत. एकदा रक्ताची उलटीही झाली. त्याचा नंबर याच महिन्यात लागणार. घरचं माणूस आत असलं की जिवाला घोर नाही, असं वहिनी म्हणाली.

बुधवार, ६
पहिला ग्लू, म्हणजे फुगलेली शीर आतून बुजवणारा डिंक! कॅमेऱ्याची नळी तोंडातून पोटात गेली की डॉक्टर तिचं टोक उलटं वळवतात, कारण या शिरा पोटात अगदी वर दडलेल्या असतात. पडद्यावर नळीला स्वतःलाच वरून उतरताना बघता येतं, मोठी गंमत आहे. डॉक्टर शिरेत सुई टोचतात, मी सिरिंज दाबते. रक्त लागताच ग्लूचा दगड होतो. रेंगाळलीस तर सुईच चिकटेल, असा दमही मिळाला. मग सुई मागे घेऊन तिच्या नळीच्या बोथट टोकाने शीर दाबून बघायची. कडक लागली की फत्ते. दादाला सांगितलं तर म्हणतो, म्हणजे तुम्ही माझं पंक्चर काढणार.

सोमवार, ११
आज एका आजोबांच्या पोटात, नळीमागे काहीतरी फिकट हललं. डॉक्टर म्हणाले, फेस असेल. फेसाला नख असतं का?

गुरुवार, १४
आजच्या बाईंच्या वेळी नीट दिसलं. नळीला धरून घशाकडून बोटं उतरली. एकाने शीर चाचपली, फळ पिकलंय का बघावं तशी. डॉक्टर माझ्या शेजारीच, पडदाही तोच, पण त्यांना काही दिसलं नाही. सोमवारचे आजोबा रक्त ओकून गेले, हे दुपारी कळलं. मला फार भीती वाटते आहे.

शनिवार, १६
त्या बाईही गेल्या. मंगळवारी दादा. पुढे ढकला म्हणून डॉक्टरांच्या अक्षरशः हातापाया पडले. ते म्हणाले, शीर कधीही फुटेल, थांबता येणार नाही. हवं तर तू सुट्टी घे, दुसरी सिस्टर बोलावतो. दुसरीला ते दिसणार नाही. मीच उभी राहणार.

मंगळवार, १९
आलं. दादाच्या शिरेवर टेकलं. डॉक्टर म्हणाले, दाब. तेव्हाच त्यांना थांबवायला हवं होतं. पण डोक्यात तिडीक गेली — चिकटू दे, चांगली अद्दल घडेल. दाबलं. ग्लू सुईच्या कडेने बाहेर आला, बोटाखाली गेला. बोट ओढत राहिलं. सुटेना. शीर कडक लागली, डॉक्टर खूश. नळी बाहेर आली.
ते नाही आलं.

बुधवार
आतून कुणीतरी ओढतंय, दादा म्हणतो. वहिनी म्हणते, गॅस. डॉक्टर म्हणतात, ग्लूचा खडा काही महिन्यांनी आपोआप सुटून पडतो. तोवर ते दादाच्या पोटात. मीच अडकवलं. माझ्या सख्ख्या भावाच्या —

शुक्रवार, दुपार
दादाजवळ बसले आहे. सुटलं, म्हणतो. एकदम हलकं वाटतंय, म्हणतो. हसतोय. वहिनी रडतेय आनंदाने. मी नाही —
घशाशी काहीतरी आलं म्हणतो. आ कर म्हटलं. पडजिभेमागून बोट वर येतंय, आणि त्याला चिकटून तीच कडक शीर, मागोमाग, ओढत —