खर्जाची मान

राही गो,

तुझी बेस गिटार शोधू नकोस, ती माझ्याबरोबर आहे. पहिल्या एसटीने कोल्हापूरला दुरुस्तीला नेतोय. आईला काही ठाऊक नाही, तिच्यावर चिडू नकोस.

गिटार घेऊन तुमच्या भजनात साथीला बसू का, असं तू विचारलंस तेव्हा मी नाही म्हटलं. लोक हसतील, म्हटलं. पण तुझा तो खर्ज कानातून जाईना. काल दुपारी तू नव्हतीस, तेव्हा माझी बाजाची पेटी काढून गिटार तिच्या सुरात लावायला बसलो. तंबोऱ्यासारख्या खुंट्या पिळत चारी तारा पार काळी चारपर्यंत, माझ्या गाण्याच्या पट्टीपर्यंत नेल्या. तार तुटेल हीच भीती होती. तारा टिकल्या, आणि संध्याकाळी बघतो तर तू जिला मान म्हणतेस ती दांडीच धनुष्यासारखी वाकलेली.

कोल्हापूरचा दुकानदार फोनवर म्हणाला, “बुवा, त्या तारांची ओढ एरवीच अख्ख्या माणसाच्या वजनाएवढी असते. वर तुम्ही आणखी पिळलंत?”

रात्री जेवताना तू समोर होतीस, पण माझी मान वर होईना.

पेज झाकून ठेवलीय. गिटार नीट झाली की पुढच्या भजनाला माझ्या शेजारी बसून वाजव. काय घडलं ते मंडळींना मीच सांगेन. हसले तर मला हसू देत.

बाबा