पट्टीखालचं नाव

११ फेब्रुवारी, रविवार
मिळालं! म्हसवडला, आकारामकाकांच्या बंद दुकानाच्या माळ्यावर. आपलं 'गुलिस्तान वाळ्याचं सरबत'! बाटली रिकामी, पण लेबल शाबूत. हिरवी वाळ्याची जुडी, खाली 'मालक: जाफर शेख, रहिमतपूर'. वीस वर्षं सगळ्यांची लेबलं जमवतेय — चहाची, बिस्किटांची, पाचगणीच्या जॅमची — आणि आपल्या अब्बांचंच नव्हतं! काय देऊ विचारलं तर काका भडकलेच. "गप बस गं सबा! तुझ्या बापानं लय सरबत पाजलंय आमास्नी."

धाकट्या भावाला, सरफराजला लगेच फोटो पाठवला. अब्बांमागं बंद पडलेलं सरबत रमजानला पुन्हा काढायचं त्याच्या डोक्यात आहे. म्हणाला, "आपा, हेच लेबल छापतो. अब्बांचं नाव पुन्हा बाजारात!" मला तर भरून आलं.

१२ फेब्रुवारी
शाळेत लक्ष नाही. दोनदा तीच कविता शिकवली. पोरं गालातल्या गालात हसत होती.

१३ फेब्रुवारी
लेबल सोडवायला बसले. घरची कणकेची खळ, म्हणून कोमट पाणी. अर्ध्या तासानं बघते तर अब्बांच्या नावाची पट्टी वेगळी होऊन तरंगतेय! वरून चिकटवलेली होती. खाली छापलेलं — 'मालक: रहिमतबी शेख'.

अम्मी?

१४ फेब्रुवारी
अम्मी तांदूळ निवडत होती. लेबल पुढं धरलं.

"व्हय. सरबत माझंच. माझ्या आईनं शिकवल्यालं. पयली लेबलं तुझ्या अब्बानीच माझ्या नावानं छापली. दुकानदार हसाय लागले, बाईच्या नावाचा माल कोण घेनार? मग पट्ट्या आल्या. मीच बसून चिकटवल्या."

"वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की! सांगू कुनाला?"

रडू आवरेना. लोकांची लेबलं भिंगातून वाचत बसले मी, आणि घरातल्या बाईला कधी काही विचारलं नाही. शहाणी!

१७ फेब्रुवारी
सरफराजशी कडाकडा भांडले. अम्मीचं नाव छाप म्हटलं, तर म्हणतो, "लेबलं छापून झाली आपा. लोकांना जाफरभाईच ठाऊक. आणि अम्मीला या वयात काय फरक पडतो?" मी फोनच ठेवून दिला. अम्मी शेजारीच होती, सगळं ऐकलं.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार
सरफराज पातेली, वाळा, साखरेचं पोतं, सगळं घेऊन आला. पाकाचं प्रमाण अम्मीशिवाय कुणालाच माहीत नाही. अम्मी पलंगावरून हलली नाही. म्हणाली, "नाव त्यांचं छापलंस न्हवं? मग कबरस्तानात जा आन प्रमान बी त्यास्नीच इचार."